सरकीचा उतार

दिनांक ११ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मंठ्याच्या एका जिनिंगचे आवार. सरकीचा ढीग एक, स्कीच्या पट्ट्या दोन, माणसे चार.

धुके इतके दाट होते की ढिगाचा माथा दिसत नव्हता. सुट्टीमुळे यंत्रे बंद होती, तरी आदल्या दिवशीची रुई अजून हवेत तरंगत होती आणि ती खाली येत आहे की वर जात आहे, हे सांगणे अवघड होते. तंत्रनिकेतनाची पदविका घेतल्यानंतर काश्मीरच्या एका डोंगरावर रोपवेच्या पाळण्यांच्या दोरांची देखभाल करण्यात माझी बरीच वर्षे गेली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत स्कीवरूनच जावे लागे. तिथली पहाट अशीच असे. तिला आवाज नसे.

माझ्या पुतणीची मुलगी अक्षता एनसीसीतून स्कीच्या प्राथमिक प्रशिक्षणासाठी निवडली गेली होती. गाडी त्याच संध्याकाळची होती. पुतणी ज्योत्स्ना शाळेत शिक्षिका आहे. तिने नकार दिला नव्हता, अट घातली होती.

“पळणं कुणालाबी येतं, काका. ही थांबती का, ते मला डोळ्यानं दाखवा. न्हाईतर गाडी हिच्याबिगर जाईल.”

म्हणून ही सरकी. रुई निघून गेल्यावर उरलेले ते लवदार बी ढिगावर पसरले की उतार गुळगुळीत होतो. माझ्या जुन्या पट्ट्यांना मी मेण लावले आणि उताराच्या तळाशी रुईने भरलेली पोती रचून घेतली. जिनिंगचे मालक गयासोद्दीन कानटोपी सावरत म्हणाले, “सरकीतून तेल निघतं, पेंड निघती, हे बराबर. बर्फ निघतंय, हे आजच बघून राह्यलो, अण्णासाहेब.”

अक्षता धुक्यातून निघाली. पट्ट्यांनी वेग घेताच ती मागे रेलली, दोन्ही मुठी छातीशी ओढल्या आणि ओरडली, “हो, हो, हो!” वेग दुप्पट झाला आणि ती पोत्यांत नाहीशी झाली.

“बैल बिलकुल थांबलं न्हाई, पोरी!” गयासोद्दीन म्हणाले.

दुसऱ्यांदा तेच घडले. तिसऱ्यांदाही तेच. दोष मला कळला होता. लहानपणापासून तिने शेतातली बैलगाडी हाकलेली; बैल उधळले की ‘हो, हो’ म्हणत मागे रेलून कासरा ओढायचा, हे तिच्या अंगात मुरलेले. स्कीवर मागे रेलले की वजन कडांवरून सुटते आणि पट्ट्या मोकळ्या धावतात.

“पट्ट्यांना कासरा नसतो,” मी म्हणालो. “पुढची टोके जवळ आण, मागची फाकव. गुडघे वाकवून आतल्या कडांवर वजन टाक. लाकडात पाचर मारतात, तसा आकार.”

“कळतंय, आजोबा. पण घसराया लागलं की हातच ऐकत न्हाईत.” केसांत सरकी घेऊन ती तिथेच बसली.

ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेचा भाव आला. ‘चल घरी’ एवढेच म्हणणे तिला पुरेसे होते. ती काही वेळ शालीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग उताराच्या तळाशी, पोत्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

“अक्षे, कडक रानात वखर वरवर पळाया लागला की मी काय म्हणायचे तुला?”

“वखरावर उभी राह्य म्हणायचीस.”

“कशाला?”

“वजनानं खालची लोखंडी पास मातीत रुततीय म्हणून.”

“मंग ऊठ. पायाखाली वखरच हाय. ओढू नको, उभी राह्य त्याच्यावर.”

अक्षता पुन्हा वर गेली आणि धुक्यात विरघळली. काही वेळ फक्त सरकीची सळसळ ऐकू आली. दूर कुठेतरी कोणी झोपेत कूस बदलावी, तशी. मग ती दिसली. मुठी उघडल्या होत्या. हात वखराच्या रुमण्यावर, मुठीवर टेकवल्यासारखे पुढे होते, गुडघे वाकलेले. मागची टोके हळूहळू फाकली, कडा रुतल्या, सरकी दोन्ही बाजूंना उलटत गेली. वेग जणू तिच्यातून निघून जमिनीत मुरला.

ती थांबली. आई हाताच्या अंतरावर होती. दोघींपैकी कोणीही हलले नाही. रुईचा एक तंतू तरंगत येऊन अक्षताच्या भुवईवर बसला, आणि मी कोणत्या डोंगरावर उभा आहे हे मला क्षणभर आठवेना.

“ढीग वखरून दिला पोरीनं,” गयासोद्दीन म्हणाले. “आता पेरणी तेवढी राह्यली.”

ज्योत्स्ना हसली नाही. “एकदा थांबली म्हंजे थांबता आलं, असं न्हाई. हा पहिला धर. परत वर जा.”

ऊन पडेपर्यंत ती तळाशीच उभी होती. शेवटी माझ्याकडे न बघता तिने विचारले, “काका, तिकडं लोकरीचे मोजे किती लागतील? बाजार उघडला असंल आता.”

उतार दहा; थांबणे सात.