फक्त हातांचा फोटो

इंदुमतीने शिंदीची ओली पाती गुडघ्यावर ओढून सरळ केली आणि टोपीचा माथा विणायला घेतला. दिल्लीजवळ मानेसरला मोहरीच्या शेतांवर नुकत्याच उभ्या राहिलेल्या कंपनीच्या शेडमध्ये गावातल्या वीस मुली तिच्याकडून विणकाम शिकायला तिच्याभोवती बसल्या होत्या. फोटोग्राफरने दिवा जवळ सरकवला.

"चेहरा नहीं चाहिए," कंपनीचा डिझायनर राजीव म्हणाला. "सिर्फ हाथ."

प्रमोदिनी शेजारीच होती. इंदुमतीला हिंदी येत नव्हतं, म्हणून कंपनीने दिल्लीच्या मयूर विहारहून प्रमोदिनीला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. पंधरा दिवस ती राजीवचं प्रत्येक वाक्य जरा गोड करून मराठीत सांगत आली होती. 'जल्दी करवाइए'चं 'आज जमलं तर बघा' होत असे.

"काय म्हणतात?" इंदुमतीने विचारलं.

प्रमोदिनीची नजर भिंतीला टेकवलेल्या फलकावर गेली. दिल्लीतल्या प्रदर्शनासाठी तो सकाळीच छापून आला होता. वर टोपीचा मोठा फोटो, आणि खाली इंग्रजीत: संकल्पना व निर्मिती, राजीव. इंदुमतीची सासू ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मिठागरात राबणाऱ्यांसाठी शिंदीच्या पात्यांची हीच टोपी विणायची. वाकून काम करताना ऊन लागू नये म्हणून मानेमागचा काठ उतरता ठेवायची. फलकावरच्या टोपीचा काठही तसाच होता. राजीवने वर फक्त एक निळी फीत लावली होती.

"तोंड नको, फक्त हात हवेत म्हणतात." या वेळी प्रमोदिनीने काहीच गोड केलं नाही. "आणि तिथे लिहिलंय, ही टोपी त्यांनी बनवली. तुमचं नाव कुठेच नाही."

इंदुमती फलकाकडे बघत राहिली.

"मागचा काठ उतरता कशासाठी, ते विचारा त्यांना."

प्रमोदिनीने विचारलं. तिचा आवाज चढला होता.

"फैशन है, मैडम," राजीव घड्याळ बघत म्हणाला.

'फॅशन' एवढं इंदुमतीला कळलं. तिने टोपी खाली ठेवली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तोंड नको, तर हातही मिळायचे नाहीत. सांगा."

प्रमोदिनीने जसंच्या तसं सांगितलं.

"कोई बात नहीं. हाथ तो किसी के भी चलेंगे." राजीवने टोपी उचलून पुढच्या एका मुलीच्या मांडीवर ठेवली. मुलीने एकदा इंदुमतीकडे पाहिलं, मग राजीवकडे. मान खाली घालून तिने पाती धरली.

इंदुमतीने तोंड फिरवलं होतं. पण पहिला फेरा सैल पडला, दुसराही चुकला, आणि तिला राहवेना.

"अगं, डावी वर घे," ती पुटपुटली. पदराखालचा हात आपसूक पुढे गेला.

तो हात टिपायला फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला.

प्रमोदिनी उठली आणि त्याच्या भिंगासमोर जाऊन उभी राहिली.

"मैडम, हटिए," राजीव म्हणाला.

"पहले बोर्ड बदलिए."

मागून इंदुमतीचा आवाज आला, "आता उजवी खाली. ओढू नकोस, तुटेल."

"दाईं नीचे," प्रमोदिनीने जागची न हलता त्या मुलीला सांगितलं. "खींचना नहीं. टूट जाएगी."