मळ्यात नेलेली बाज

मित्रांनो, सोनाळ्याच्या शिवारात, पाण्याच्या मोटारीच्या खोलीसमोरच्या कडुनिंबाखाली जी नवारीची बाज दिसते ना, ती मी. माझे पाय बाभळीचे आहेत. गावातल्याच सुताराने ते घडवले आणि वंदनाच्या लग्नाच्या वर्षी मी या घरात आले. तिची मुलगी प्रतीक्षा लहानपणी माझ्यावरच झोपायची. पाहुणा आला की आधी मला झटकून माझ्यावर चादर घालत. "मजबूत बाज आहे," असे लोक म्हणत आणि मला बरे वाटे.

पुढे घरात दिवाण आला. मला मागच्या अंगणात ठेवले. माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या, कधी धुतलेल्या गोधड्या. नवार मधोमध झोळीसारखी खाली आली, तरी कुणी ती ओढून घट्ट केली नाही. त्याचे मला फार वाईट वाटले नाही. पण तिथे पडल्या पडल्या घरातले सगळे ऐकू यायचे आणि त्याने जीव कासावीस व्हायचा.

प्रतीक्षाचे वडील गोकुळ भाजीपाल्याची शेती करतात. दहावीत तिला चांगले गुण मिळाले, तेव्हा तिने डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी तिला अकोल्याला शिकवणी लावली आणि वसतिगृहात ठेवले. तिला तिथे करमेना. जेवण जाईना, झोप येईना. ती सारखी घरी फोन करी. आधी गोकुळ म्हणाले, "होते सवय. राह्य." नंतर त्यांनी तिचा फोन उचलणेच बंद केले. शेवटी एक दिवस ती एकटीच बसमध्ये बसून परत आली. गोकुळांनी दारातच विचारले, "लोकं काय म्हनतीन?"

त्यानंतर ती वडिलांशी बोलली नाही.

मग घरात एक विचित्र रीत पडली. गोकुळ म्हणत, "वंदना, तिले सांग, जेवून घे म्हना." प्रतीक्षा म्हणे, "आई, बाबाले सांग, मले भूक नाई." दोघे एकाच खोलीत असत आणि वंदना मधे उभी राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगे. सांगताना ते थोडे मऊ करी. गावातल्या कॉलेजात प्रतीक्षाचे नाव घातले होते, पण ती जाईना. केससुद्धा विंचरेना. एका दुपारी ती मागच्या अंगणात आली, माझ्यावरच्या मिरच्या बाजूला सारून आडवी झाली आणि तोंडावर ओढणी दाबून रडली. वंदना दारात उभी होती. तिने ते पाहिले.

गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताई मनकर्णाबाईंनी वंदनाला एक फोन नंबर दिला. अर्पिता मॅडम नावाच्या समुपदेशक पुण्यात राहत. व्हिडिओ कॉलवर त्या आईवडील आणि मुले यांना एकत्र बसवून बोलत.

"पोरीले बोलू दे ना तिच्यासंग," गोकुळ म्हणाले. "मले काऊन बसवता?"

"मॅडम म्हनते, एकटी पोरगी नाई, सगळं घर पायजे," वंदना म्हणाली.

घरात नेटवर्क टिकत नव्हते, म्हणून मला पुढच्या अंगणात आणले. तिघे माझ्यावर बसले. समोर स्टुलावर मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. गोकुळ पाठ केलेले म्हणावे तसे बोलू लागले. "आमच्या घरी सर्व व्यवस्थित आहे. मुलगी थोडी हट्टी आहे." प्रतीक्षा उठून आत निघून गेली.

"कुणाच्या कानावर जाणार नाही अशी एखादी जागा आहे का तुमच्याकडे?" मॅडमनी विचारले.

"मळा हाय," वंदना म्हणाली.

पुढच्या खेपेला मला मळ्यात न्यायचे ठरले. माझी एक बाजू गोकुळांनी उचलली. दुसरी बाजू तशीच जमिनीला टेकलेली होती. "माह्या हातात पान्याचा डबा हाय," एवढे बोलून वंदना पुढे चालू लागली. प्रतीक्षा थोडा वेळ उभी राहिली आणि मग तिने मला उचलले. मित्रांनो, मला घेऊन ते दोघे वाटभर गप्प चालले. बांधाजवळ गोकुळ थबकले. मागे न बघता ते म्हणाले, "खाली दगड हाय." प्रतीक्षाने पाय उचलून टाकला.

त्या दिवशी मॅडम गोकुळांना म्हणाल्या, "दादा, घरी बोलता तसंच बोला. मला समजतं." मग त्या वंदनाकडे वळल्या. "ताई, आज या दोघांचे निरोप तुम्ही सांगू नका. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

वंदनाने पदराचे टोक चुरगाळले.

"मले हे कोनी इचारलंच नाई," ती म्हणाली. "याइचं तिले सांगा, तिचं याइले सांगा. माह्यं सोताचं बोलनं कुठं गेलं, मलेच समजत नाई. मी थकली."

प्रतीक्षाने आईकडे पाहिले. आईला ती जणू पहिल्यांदाच बघत होती. मग ती वडिलांकडे वळली.

"बाबा, तुमी माहा फोन काऊन नाई उचलला?"

नेमका तेव्हाच पडद्यावरचा मॅडमचा चेहरा थिजला. नेटवर्क गेले होते. गोकुळांना उठून जाता आले असते. ते उठले नाहीत.

"तू रडायची," ते म्हणाले. "मले आयकवत नोतं. वाटे, तुहा आवाज आयकला त लगेच घ्याले येईन. मंग तुह्यं शिक्षन राह्यलं असतं."

"मंग यायचं होतं घ्याले."

"हाव," गोकुळ म्हणाले. "यायचं होतं."

फोनमधून आवाज आला, "हॅलो, ऐकू येतंय का?" वंदनाने डोळे पुसले. "येते मॅडम. थोडं थांबा."

मित्रांनो, एका दिवसात सगळे ठीक झाले असे मी सांगणार नाही. मॅडमच्या सांगण्यावरून प्रतीक्षाला झोपेसाठी डॉक्टरांकडेही नेले. मधे काही दिवस ती पुन्हा गप्प झाली. गोकुळ एकदा तिच्यावर ओरडले, पण संध्याकाळी स्वतः तिच्यापाशी जाऊन बसले. हळूहळू ती कॉलेजला जाऊ लागली. मॅडमचे कॉल महिन्यातून एकावर आले. मी मात्र मळ्यातच राहिले. गोकुळांनी माझी नवार सोडून पुन्हा घट्ट विणली. एक टोक प्रतीक्षाने धरले होते.

परवाची गोष्ट. वांगी तोडून झाली आणि वंदना माझ्यावर आडवी झाली. शेजारी बांधावर बापलेक वाद घालत होते.

"मले डॉक्टर नाई व्हायचं."

"मंग काय व्हायचं?"

"अजून ठरलं नाई."

"कवा ठरीन मंग?" गोकुळांचा आवाज चढला.

"ठरीन तवा सांगतो ना." प्रतीक्षाचाही चढला.

पूर्वी अशा वेळी दोघांनी वंदनाला हाक मारली असती. गोकुळांनी माझ्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले. "हळू बोल. तुही आई झोपली."

मग ते दोघे कुजबुजत भांडत राहिले. वंदना गाढ झोपली होती.

मित्रांनो, घरात जुनी बाज असेल तर तिची नवार वेळेवर ओढा, एवढे माझ्यासाठी मागते. आणि दुसरे मागते ते तुमच्या घरासाठी. आईला, वडिलांना, मुलांना जे सांगायचे असेल, ते त्यांच्यासमोर बसून सांगा. जमत नसेल तर जमवायला कुणाची तरी मदत घ्या, त्यात लाज नाही. निरोप वाहून थकलेल्या माणसाला दुपारची थोडी झोप मिळू द्या.