बटणाची पाचर

भरपाईच्या सुनावणीत कंपनीच्या वकिलानं बोटभर लाकडी पाचर टेबलावर ठेवली आणि खुनाचं हत्यार सापडल्याच्या थाटात तो मागं टेकला.

"प्रेसला दोन बटणं असतात, साहेब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात आत राहूच शकत नाही. यानं एका बटणात ही पाचर मारली आणि उजवा हात गमावला. चूक याची. मग भरपाई कसली?"

ऑपरेटर मान खाली घालून बसला होता. उजवी बाही कोपराशी दुमडून पिन लावलेली. शेजारी बसलेल्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षं त्या मशीनवर रक्त आटवलं, आणि आता म्हणे चूक याची! निकाल उलटा गेला तर कृत्रिम हाताचं नावच नको, घरही तिच्या एका शिलाई मशीनवर.

"पाचर तुम्ही मारली होती?" सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो साहेब. सगळेच मारतात."

"सगळ्यांचं सोडा!" वकील गुरकावला.

खोटं बोलणं या माणसाला सात जन्मांत जमलं नसतं. बायकोला त्याचाही राग आला. तिनं तरातरा जाऊन पाचर उचलली, उलटी केली. खालच्या अंगाला आकडा ठोकलेला होता. सतरा.

तिला नंबरवाला आठवला. कंपनीचा स्टोअरकीपर. स्टोअरमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नंबर ठोकायचा, झाडूलाही सोडायचा नाही. नवरा घरी येऊन त्याच्या नकला करायचा आणि ती पोट धरून हसायची. हातमोजे दिल्याची साक्ष द्यायला कंपनीनं त्याला आणलं होतं. मांडीवर रजिस्टर घेऊन तो समोरच बसला होता.

"साहेब, यांना विचारा, हा नंबर कुणी ठोकला?"

"याचा इथं काय संबंध?" वकील उसळला. अधिकाऱ्यांनी त्याला हातानंच गप्प केलं.

नंबरवाल्यानं चष्मा चढवला. कामाचं कुणी विचारलं की गडी खुलायचा.

"मीच. सतरा नंबरच्या प्रेसची आहे ही." त्यानं पान उलटलं. "हे बघा. बटणाची पाचर. खाली सुपरवायझर साहेबांची सही."

"कशासाठी देता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बटण दाबून ठेवायला. दोन्ही हात अडकवून बसले तर दिवसाचं काम कसं उरकायचं?"

वकील डोळ्यांनी खुणा करून दमला. नंबरवाल्याचं बोट रजिस्टरवरून हलेना.

"अशा किती आहेत?"

"अठ्ठेचाळीस. नऊ वर्षांत एकही हरवू दिली नाही मी."

"अठ्ठेचाळीस पाचरी जपल्या," बायको कडाडली, "आणि माझ्या माणसाचा एक हात नाही जपता आला तुम्हाला?"

नंबरवाल्याचं तोंड एवढंसं झालं. तो रजिस्टर मिटायला लागला.

"उघडंच राहू द्या ते," अधिकारी म्हणाले. "आणि इकडे आणा."