छावणीच्या फाटकासमोरची इस्त्री

मित्रांनो, लाँड्रीच्या वरच्या फळीवर परवापर्यंत पोत्याखाली झाकून ठेवलेली जुनी कोळशाची इस्त्री, ती मी. माझं वजन सात किलो आहे. माझ्या झाकणाची कडी तुटलेली आहे आणि ती एका माणसाच्या मानेवर तुटली. हे ऐकून तुम्ही दचकाल, पण ते लपवलं तर माझ्या गोष्टीत सांगण्यासारखं काहीच उरणार नाही.

माझा जन्मही मारझोडीतच झाला. मला वितळवलं, साच्यात ओतलं, हातोड्यानं बडवलं आणि कानशीनं घासघासून गुळगुळीत केलं. मूठ बसवताना कारागीर म्हणाला होता, "हिच्या पोटात विस्तव राहणार. कडी घट्ट हवी." बाकी त्यानं सगळी घाई केली, पण कडी मात्र मन लावून बसवली.

मी आले ती लष्करी छावणीच्या फाटकासमोरच्या लाँड्रीत. तिथं दोघं भाऊ काम करत. आईवडील लवकर गेल्यामुळे दादानं धाकट्याला लेकरासारखं वाढवलं होतं. दादा इस्त्री करायचा, धाकटा कपडे आणायचा-पोचवायचा आणि वहिनी मागच्या अंगणात खळ शिजवायची. वर्दीला अशी कडक घडी पडायची की धाकटा म्हणायचा, "दादा, या बाहीनं भाजी चिरता येईल बघ."

सगळं गावच छावणीच्या जिवावर जगत होतं. बेकरीवाल्याचे पाव सैनिकांच्या भोजनगृहात जात, शिंपी वर्द्या शिवी, न्हावी रविवारी शंभर डोकी भादरी. छावणी शिंकली की गावाला सर्दी व्हायची. आणि गावाच्या आधी ती मला कळायची, कारण वर्द्यांचे ढीग माझ्या तळाखालून जात.

दादाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लावायचा नाही. लाँड्रीवाले गिऱ्हाइकांचे शर्ट घालून लग्नाला जातात, ही चेष्टा त्याला खपत नसे. कुणाची एकाएकी बदली झाली आणि कपडे राहून गेले, तर ते तो वेगळ्या फळीवर ठेवी आणि दर सोमवारी पुन्हा इस्त्री करी. वहिनी हसायची, "मालक गेला मुलखापार आणि तुम्ही त्याच्या घड्या घालताय." दादा म्हणायचा, "कपडा आपल्याकडे आहे तोवर त्याची जबाबदारी आपली." त्या फळीवर छावणीतल्या एका ताडमाड उंच ड्रायव्हरचा वर्दीचा शर्ट होता. त्याच्या बाह्या इतक्या लांब की टेबलावर मावत नसत. तो मला फार आवडायचा.

मग सरकारनं संरक्षणाच्या खर्चाला कात्री लावली. एक पलटण गेली, दुसरी गेली. माझ्यासमोरचा ढीग कमरेएवढा होता तो गुडघ्यावर आला. गावाची पाचावर धारण बसली, आणि घाबरलेली माणसं आधी एकमेकांवरच तुटून पडली. उरलेल्या पावांचा पुरवठा कुणी करायचा यावरून बेकरीवाला आणि त्याचा सख्खा साडू भर रस्त्यात भिडले. बेकरीवाल्यानं लोखंडी तव्यानं त्याचे पुढचे दोन दात पाडले. चार दिवसांनी साडवानं त्याची भट्टी घणानं फोडली. शिंप्यानं कुठल्याशा भांडणात कात्री उगारली आणि सोडवायला गेलेल्या न्हाव्याचा तळवा चिरला. मी रोज दारातून हे पाहत होते. मला वाटायचं, आपलं दुकान तरी शहाणं आहे.

शेवटची पलटण निघायचा दिवस सोमवार होता. सकाळपासून सारं गाव फाटकापाशी जमलं होतं. "कुलूप लावू नका," असं ओरडता ओरडता लोकांनी दगड हातात घेतले. त्या पलटणीचे बेचाळीस शर्ट अजून आमच्याकडेच होते. दादा म्हणाला, "गिऱ्हाईक जाईल, पण त्याचा कपडा मागं राहता कामा नये. काहीही कर, पोचव."

"अरे पण आज वर्दीवाल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, दादा."

"ते मला सांगू नकोस."

दगडांचा आवाज ऐकून दादा पुढच्या दारात गेला. धाकट्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि फळीवरची ड्रायव्हरची वर्दी अंगावर चढवली. मी तासापूर्वीच तिला इस्त्री केली होती. बाह्या त्याच्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या. तो वहिनीला म्हणाला, "दादाला सांगू नकोस हं, जीव घेईल माझा." डोक्यावर गाठोडं घेऊन तो मागच्या दारानं गल्लीत उतरला.

तेवढ्यात फाटक उघडलं आणि सैनिक काठ्या घेऊन बाहेर आले. धावपळ झाली, माणसं माणसांवरून पळाली. शिंप्याचा गुडघा काठीखाली मोडला, तो आवाज मला दुकानात ऐकू आला. दादाला आत ओढायला वहिनी दारात गेली आणि एक काठी तिच्या कपाळावर बसली. ती उंबऱ्यातच कोसळली. रक्त तिच्या डोळ्यांत उतरलं.

दादानं डोक्यात राख घालून घेतली. त्यानं मला उचललं. माझ्या पोटात लालबुंद निखारे होते. सैनिक पुढं निघून गेले होते, पण मागच्या गल्लीतून आरडाओरडा येत होता, म्हणून तो तिकडं धावला. तिथं लोकांनी एका वर्दीवाल्याला घेरलं होतं. बेकरीवाला त्याला लाथा घालत होता, गाठोडं फुटून शर्ट चिखलात पडले होते. वर्दीवाल्याचं तोंड भिंतीकडं होतं आणि तो काहीतरी ओरडत होता, पण त्या गलक्यात कोण ऐकतं?

मित्रांनो, मी त्या बाह्या ओळखल्या. ती घडी माझीच होती. मला वाचा असती तर मी जिवाच्या आकांतानं ओरडले असते. दादानं मला दोन्ही हातांनी उगारलं आणि त्याच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडलं. दुसरा घाव मानेवर बसला, माझी कडी तुटली, झाकण उघडलं आणि निखारे त्याच्या कॉलरमधून आत सांडले.

"दादा!" असं तो ओरडला.

दादानं उघड्या हातांनी निखारे उपसले. त्याच्या बोटांची कातडी त्या कॉलरला चिकटून राहिली, तरी तो उपसतच होता.

वहिनी सावरली, धाकटाही जगला. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि मानेची कातडी ताडपत्रीसारखी झाली आहे. छावणीला कुलूप लागलं. बेकरीवाला, शिंपी, न्हावी, सगळे पोटासाठी पांगले. दादानं मला पोत्याखाली झाकलं ते पुन्हा पेटवलं नव्हतं. तो आता नुसते कपडे धुतो. रोज सकाळी धाकट्याच्या शर्टाची बटणं मात्र तोच लावतो.

परवा दुकानात एक ताडमाड उंच माणूस आला. त्यानं खिशातून पिवळी पडलेली पावती काढली. "एक शर्ट राहिला होता माझा. असेल का हो अजून?"

दादानं तो शर्ट आणून टेबलावर ठेवला. धुतलेला, पण चुरगळलेला, कॉलरला मुठीएवढं भोक. ड्रायव्हरनं शर्टाकडं पाहिलं, मग धाकट्याच्या मानेकडं.

"माझ्या हातनं झालं," दादा म्हणाला.

"शर्ट मी घातला होता, साहेब. विचारलं नव्हतं," धाकटा म्हणाला.

दोघं एकदमच बोलले होते. ड्रायव्हरनं शर्ट उचलला, काखेत धरला आणि जाताना एवढंच म्हणाला, "वाईट वाटतंय, घडी मोडली."

तो रस्त्यापर्यंत पोचला असेल, एवढ्यात धाकट्यानं डाव्या हातानं पोतं बाजूला केलं आणि मला खाली काढलं. कडीच्या जागी त्यानं तार गुंडाळली. "थांबा साहेब!" त्यानं हाक मारली. "चुरगळलेला नेऊ नका. दादा, पेटव हिला."

दादानं निखारे भरले, तार तीनदा ओढून पाहिली आणि मला त्या लांब बाहीवर ठेवलं.

मित्रांनो, मला सांभाळा असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी लोखंड आहे. पण रागाच्या भरात हाताला जे लागेल ते उगारण्याआधी समोरच्या माणसाला एकदा आपल्याकडं वळवा. त्याचं तोंड बघा.