डावीकडची हिरवी गाडी

दाजींच्या गाडीला पोचे पडत ते नेहमी डाव्याच बाजूला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती त्यावरून.

व्हर्लिनदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ल्युअ‍ॅनचा नवरा. मिशी पांढरी झाली तरी दर शनिवारी टकर्स फोर्कच्या ट्रॅकवर शर्यतीला हजर. मी त्यांचा स्पॉटर. स्टँडच्या छपरावर उभं राहून रेडिओवर सांगायचं, बाजूला गाडी आहे की मोकळं आहे. हेल्मेटात जखडलेल्या माणसाला मान फिरवता येत नाही. आम्ही "मोकळं" म्हटलं की तो बिनघोर वळतो. तिथं कुणी खोटं बोलत नाही. पक्का हरामखोरही नाही.

पण दाजींना माझाच संशय, की मी त्यांच्या ट्रॅकवरच्या जुन्या वैऱ्याला, कोयला, फितूर झालोय. "काय रे मेव्हण्या, उशिरा सांगतोस! कोय प्रुइटच्या घरचं बार्बेक्यू गोड लागतंय वाटतं?"

मी वेळेवरच सांगत होतो. उलट माझा संशय आता घरापर्यंत पोचला. ल्युअ‍ॅन हल्ली दाजींचा कप उजवीकडेच ठेवायची. मी विचारलं, तर म्हणाली, "गप बिस्किट खा. फार शहाणा झालास."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं! माझं डोकंच फिरलं.

त्या शनिवारी मधेच एक गाडी भिंतीला धडकली आणि पिवळं निशाण पडलं. सगळ्या गाड्या रांगेत हळूहळू चालू लागल्या. अशा वेळी ड्रायव्हर एकमेकांना खिडकीतून हात दाखवतात. माफी म्हणा, आभार म्हणा. मी रेडिओ दाबला.

"दाजी, डावीकडे कोय आलाय. मघाच्या धक्क्याची माफी मागतोय."

डावीकडे नुसतं गवत होतं. कोयची हिरवी गाडी पार शेपटाला होती.

दाजींनी लगेच हात वर केला आणि मोठ्या मनानं त्या गवताला माफ केलं.

मी पुन्हा रेडिओ दाबला. "दाजी, तिथं कुणी नाही."

त्यांनी वर केलेला हात आत घेतला.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"डावा डोळा गेल्या हिवाळ्यात गेला."

"अहो, मग गाडी चालवत होतात कशी?"

"तू होतास ना वर."

शर्यत पुन्हा सुरू करणारं हिरवं निशाण पडायच्या आत त्यांनी गाडी ट्रॅकवरून काढून पिटमध्ये, दुरुस्तीच्या जागेत, घेतली. मी धावत खाली आलो. कुणी मरायच्या आत माणूस थांबला, मला बरं वाटायला हवं होतं. पण रडू येत होतं.

शर्यतीच्या गाडीला उघडणारं दार नसतं; दाजी खिडकीतून बाहेर आले. शिव्या देतील म्हणून मी तयारच होतो.

"डोळा गेला म्हणून मी गाडी सोडली नव्हती, मेव्हण्या," हेल्मेट माझ्या हातात देत ते म्हणाले. "पण आता तू मोकळं म्हणशील, आणि माझे हात वळायचे नाहीत."