लाल गाडी भंगारात जाणार नाही

लाल गाडी विकली असती तर आमच्या ऋतिकाची नोकरीही गेली असती. नात माझी मुक्ताईनगरच्या दवाखान्यात रक्त तपासते. सुटते सातला, अन् त्या वेळेला आमच्या गावाची एसटी नाही, म्हणून घरची ही जुनी लाल मोटार चालवत जाते-येते.

तिचा बाप म्हणजे माझा पोरगा नवीन. तो म्हणे, "गाडी कॅनॉलपर्यंत जाते अन् बसते. रोज साखळी लावून कोण ओढीन? संध्याकाळी भंगारवाला येऊ राहिला. पोरीनं आता घरी बसावं."

"तू बस घरी," मी म्हटलं. "निदान चहा करायला शिकशील."

अन् पदर खोचून गाडीत जाऊन बसले.

"आजी, तू कुठं?" ऋतिकानं विचारलं.

"गाडीला धाक दाखवायला. तुझ्या आजोबाचं ऑइल इंजिन माझं नुसतं नाव ऐकून चालू व्हायचं. एकदा मी जरा जोरात खाकरले, तर आमची विहीर उपसून ते शेजाऱ्याच्या विहिरीत शिरलं."

कॅनॉलजवळ गाडीनं आचके दिले अन् बसली. थोड्या वेळानं चालू झाली, दोन शेतं गेली, परत बसली. पुना मिस्तरीनं फिल्टर नवा टाकला होता, पंप तपासला होता. त्याच्या दारात ती दिवसभर गुरगुरायची, आमच्याकडे आली की रुसायची.

"इंजिनाला पेट्रोलच पोचू नाही राहिलं," ऋतिका म्हणाली.

"मग टाकीत आहे का ते तर पाहा."

टाकीच्या झाकणावरचं दार मागंच कुठंतरी पडलेलं. धूळपाणी जाऊ नये म्हणून नवीननं झाकणावर केळीच्या घडाला घालतो ती निळी प्लास्टिकची पिशवी दुहेरी घालून सुतळीनं आवळली होती. केळीवाल्याला उघडी वस्तू दिसली की हात शिवशिवतात त्याचे.

ऋतिकानं सुतळी सोडून झाकण फिरवलं. टाकीनं असा सूं करून श्वास ओढला, की कॅनॉलवरचे दोन बगळे आत जाता जाता वाचले. एकाचं पीस अजून माझ्याकडे आहे.

चावी फिरवली. गाडी लगेच चालू.

आम्ही झाकण लावून पिशवी परत आवळली अन् निघालो. पुढच्या वळणावर बसली. पिशवी काढली, चालू.

"तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना," मी म्हटलं, "एक तेलाचं, एक हवेचं?"

ऋतिकानं झाकण उलटं करून पाहिलं. "ह्याला पण बारीक भोक आहे, आजी. पेट्रोल जाईल तशी तिथून हवा आत जायला पाहिजे. पप्पांनी तेच बांधून टाकलं."

तिनं पुनाला फोन लावला. "पुनाकाका, गाडी तपासताना तुम्ही पिशवी काढता का?"

"काढतो ना बेटा, टाकीत पाहावं लागतं. मग नवीनभाऊनं बांधली तशीच बांधून देतो. मालकाची वस्तू शे."

संध्याकाळी मुक्ताईनगरहून आलो ते कुठंच न थांबता. अंगणात भंगारवाला अन् नवीन खाटेवर बसलेले.

"कोणी ओढत आणली?" नवीननं विचारलं.

"मुक्ताईनगरपासून शर्यत लावत आलो. एक ट्रकवाला हरला, रडत होता बिचारा." मी निळी पिशवी त्याच्या मांडीवर टाकली. "ही तुझी टाकीवरची. श्वास कोंडत होता तिचा. पिशवी घडाला घालायची, नवीन. गाडीला नाही, अन् पोरीलाही नाही."

नवीननं पिशवी उलटीपालटी केली. ऋतिका त्याच्यासमोर उभी राहिली. "उद्या माझी ड्यूटी आहे, पप्पा. मी जाणार."

तो उठून गाडीपाशी गेला, झाकणाच्या भोकावर बोट फिरवलं, अन् पिशवी घडी करून खिशात घातली.

"मग मी खाली हात जाऊ का, नवीनभाऊ?" भंगारवाला म्हणाला.

"खाली कशाला?" मी म्हटलं. "ती गाडी ओढायची साखळी घेऊन जा. चांगली वजनदार आहे."