चिमिनीच्या उतारावर

टेर्नीच्या सायकल क्लबातले ते सहा जण दोन दिवसांच्या फेरीवर निघाले होते. शनिवारी बोल्सेनाच्या सरोवराला वळसा घालून त्यांनी मोन्तेफियास्कोनेत मुक्काम केला. रविवारी चिमिनीचे डोंगर चढायचे, पलीकडे विको सरोवरापाशी उतरायचं, पोटभर मासे खायचे आणि घर गाठायचं, असा बेत होता. सामानाची व्हॅन मागून यायची.

फियोरेल्ला त्या सहांतली एकटी बाई. एक्कावन्न वर्षांची. शाळेची बस चालवायची. नवरा गेल्यावर डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या फेकून तिने सायकल धरली, त्यालाही आता आठ वर्षं झाली. क्लबाचा अध्यक्ष आउरेलिओ. गावातलं मोठं औषधांचं दुकान त्याचं, म्हणून सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. सगळ्यांच्या अंगात पिवळ्या जर्स्या होत्या. त्या त्यानेच शिवून घेतल्या होत्या आणि छातीवर दुकानाचं नाव छापून घ्यायला विसरला नव्हता.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. डोंगरमाथ्यावरचं बीचच्या झाडांचं रान पिवळं पडू लागलं होतं आणि खाली चेस्टनटच्या झाडांखाली काटेरी बोंडं फुटून रस्त्यावर आली होती. उतार लागला तसे गडी सुटले. आउरेलिओ सगळ्यांत पुढे. त्याची नवी कार्बनची सायकल होती आणि ती किती पळते हे त्याला सगळ्यांना दाखवायचं होतं. फियोरेल्ला सगळ्यांत मागे.

तिसऱ्या वळणावर एक म्हातारा रस्त्याच्या कडेला वाकून चेस्टनट वेचत होता. आउरेलिओने वळण आतून कापलं. त्याचा खांदा आणि हँडलचं टोक म्हाताऱ्याला लागलं. म्हातारा गर्रकन फिरला आणि टोपलीसकट चरात गेला. आउरेलिओ डगमगला, सावरला, मागे वळून ओरडला, “काही नाही, काही नाही! उठतोय तो! चला!”

पाठचे चौघे निघून गेले. खाटीक गास्पारेने तर जाता जाता हाक दिली, “बाबा, रस्ता काय अंगण आहे होय तुमचं?”

फियोरेल्लाने ब्रेक दाबले. चरात एक पाय वाकडा पडलेला तिला दिसला. म्हाताऱ्याचं तोंड तिच्याकडेच होतं. तो ओरडत नव्हता, नुसता बघत होता. पुढे पिवळ्या पाठी वळणाआड चालल्या होत्या. तिने ब्रेक सोडले.

सरोवराकाठच्या खानावळीत त्यांचं टेबल राखून ठेवलेलं होतं. काठावरची काळी वाळू ओली होती आणि पाण्यावर शेवाळाचा हिरवट थर आला होता. त्याचा कुबट वास टेबलापर्यंत येत होता, पण कुणाला त्याचं काही नव्हतं. आउरेलिओ आधी सायकलीपाशी उकिडवा बसला. हँडलच्या टोकाला तपकिरी लोकरीचा एक पुंजका अडकला होता. तो त्याने चिमटीत धरून उपटला, वाऱ्यावर सोडला आणि फ्रेमवरून बोट फिरवत म्हणाला, “ओरखडा आला. बघा ना. म्हाताऱ्याने केवढा ओरखडा पाडला!”

“डॉक्टर, भरपाई मागा त्याच्याकडे,” गास्पारे म्हणाला, आणि टेबल खदखदून हसलं.

तळलेले मासे आले. आउरेलिओ हाताने खात होता. हनुवटीवर तेल चकाकत होतं. काटा दातांतून ओढून काढून तो ताटलीच्या कडेला ठेवी, मग पुढचा घास. खाता खाता हकिकत वाढत गेली. आधी म्हातारा रस्त्याच्या कडेला होता, मग तो मधोमध आला, आणि दुसऱ्या बाटलीपर्यंत तो दारू पिऊन सायकलीपुढे उडी मारणारा झाला. जो तो मान डोलावत होता. फियोरेल्ला त्या डोलणाऱ्या माना आणि ती तेलकट बोटं बघत होती. घाणेरडी माणसं, तिला वाटलं. तेवढ्यात स्वतःच्या अंगातली तीच पिवळी जर्सी दिसली. घामाने ती पाठीला चिकटली होती, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“मी परत वर जाते,” ती उठत म्हणाली.

“कुठे?”

“त्या माणसाकडे.”

आउरेलिओने रुमालाने तोंड पुसलं. “फियोरेल्ला, वेडेपणा करू नकोस. तो घरी जाऊन झोपलाही असेल. मासे गार होतायत, बैस.”

“तुम्ही खा. तुमचा घास अडला नाही ना, झालं तर मग.”

“अगं, बाईमाणूस एकटं कुठे—”

तिने सायकल उचलली होती.

नऊ किलोमीटरचा चढ. एरवी तिने तो तासाभरात केला असता. आज दीड तास लागला. पाय थकले नव्हते, पण जीव पुढे जायला तयार नव्हता. वळणावर चर रिकामा होता. चिरडलेले चेस्टनट आणि मोडकी टोपली तेवढी पडली होती. जवळच काळसर दगडाचं एक घर होतं आणि दार सताड उघडं होतं.

म्हातारा स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवा होता. त्याचं नाव सेत्तिमिओ. चेहरा राखेसारखा झाला होता. हेझलनटच्या मळ्यातून परतणाऱ्या एका ट्रकवाल्याने नुकतंच त्याला चरातून उचलून घरी आणलं होतं आणि तो मदत आणायला गावात गेला होता. बायको, असुंता, नवऱ्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. दारात पिवळा रंग दिसताच ती ताठ झाली.

“कोण तू?”

“मी... मी त्यांच्यातलीच. मी मागे होते. मला दिसलं होतं, काकू. मी थांबले नाही.”

असुंता तिला डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिली. “ते काढ आधी अंगातलं. त्या रंगाकडे बघवत नाही मला. मग आत ये.”

फियोरेल्लाने जर्सी काढून बाहेर ओसरीवर टाकली आणि आतल्या पातळ बनियनवर, गारव्याने कुडकुडत, ती आत गेली. तिने रुग्णवाहिका बोलावली, पोलिसांनाही कळवलं. म्हातारा डोळे मिटून कण्हत होता. प्यायला पाणी मागायची तिची हिंमत झाली नाही आणि असुंतानेही विचारलं नाही.

दहा मिनिटांत गाडी थांबल्याचा आवाज आला. तिला वाटलं रुग्णवाहिका. पण ती त्यांचीच सामानाची व्हॅन होती. आउरेलिओ उतरला. जर्सी बदलून त्याने निळा स्वेटर घातला होता, केस ओले करून चापून बसवले होते आणि हातात प्रथमोपचाराची पेटी होती.

“नमस्कार, नमस्कार! मी टेर्नीचा औषधवाला. आमच्या या फियोरेल्लाकडून कळलं, म्हणून धावत आलो. कुणा हरामखोर सायकलवाल्याने पाडलं म्हणे? काय माणसं असतात! थांबावंसंसुद्धा वाटत नाही!”

तो बाकाशी गुडघ्यावर बसला, म्हाताऱ्याची नाडी बघितली, खांद्यावर हात ठेवला, वेदनेची गोळी काढून भरवली. सेत्तिमिओने डोळे उघडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने आउरेलिओचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“देव तुमचं भलं करो, डॉक्टर.”

“अहो, माणुसकी म्हणून काही असतं की नाही!”

फियोरेल्ला त्या हाताकडे बघत होती. दुपारी याच बोटांनी त्याने लोकरीचा तो पुंजका उपटला होता. म्हाताऱ्याच्या अंगातला स्वेटर तपकिरी होता आणि कोपराशी फाटलेला होता.

“सोडा त्यांचा हात,” ती म्हणाली.

“काय?”

“हात सोडा, डॉक्टर. काकू, यांनीच पाडलं. हेच पुढे होते. यांनी मागे बघितलं, बघून गेले, आणि खाली जाऊन मासे खाल्ले. मीसुद्धा त्याच टेबलावर बसले होते.”

आउरेलिओ हसला, अगदी दुकानातल्या गिऱ्हाइकाला हसावं तसं. “धक्का बसलाय बिचारीला. नवरा गेल्यापासून अशी मधूनच—”

“हिचा नवरा कशाला काढता मध्ये?” असुंता शांतपणे म्हणाली. ती चुलीपासून पुढे आली. “तुम्हाला माझं घर कसं सापडलं, साहेब? ही बाई आल्यापासून तिने तुम्हाला फोन केलेला नाही. मी इथेच आहे.”

आउरेलिओ पेटीचं झाकण लावू लागला.

“वळणापाशी आलात ना? कुठलं वळण, ते माहीत होतं ना तुम्हाला? उठा. ती पेटी घ्या आणि चालते व्हा.” मग फियोरेल्लाकडे वळून म्हणाली, “आणि तू, गाडी येईपर्यंत बाहेर थांब.”

सेत्तिमिओने आपला हात पांघरुणाला पुसला. पुसतच राहिला.

रुग्णवाहिकेपाठोपाठ पोलीस आले. फियोरेल्लाने सगळं सांगितलं, स्वतः थांबली नाही हेही. बाकीच्या चौघांनी पुढच्या आठवड्यात जबाब दिले की कुणी पडल्याचं त्यांनी पाहिलंच नाही. पण ट्रकवाला त्या वेळी मळ्याकडे चढ चढत होता; चरातला म्हातारा त्याला परततानाच दिसला होता. त्याने पिवळ्या जर्स्या पाहिल्या होत्या, पहिल्या सायकलीचं डगमगणं पाहिलं होतं आणि छातीवरचं दुकानाचं नावही वाचलं होतं. तेव्हा कुठे आउरेलिओने कबूल केलं, तेही ‘माझ्या लक्षात आलं नसावं’ असं लिहून.

क्लबाच्या सभेत गास्पारे उभा राहून म्हणाला, “डॉक्टरांसारखा देवमाणूस एका चुकीसाठी बदनाम झाला, तोही आपल्याच माणसामुळे.” टाळ्या पडल्या. आउरेलिओ पुन्हा अध्यक्ष झाला. लोक पुढे होऊन त्याचा हात हातात घेत होते, खांदे थोपटत होते. फियोरेल्ला मागच्या रांगेत बसून हे बघत होती. त्या कोंदट खोलीत बारा-पंधरा जणांच्या कॉफीचा आणि अत्तराचा वास होता. तिला तिथे श्वास घेववेना. ती उठली, दारापाशी लावलेल्या सभासदांच्या यादीतलं आपलं नाव खोडलं आणि बाहेर पडली.

सेत्तिमिओच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. वितेर्बोच्या इस्पितळात तो पाच आठवडे होता. नोव्हेंबरच्या एका दुपारी ती बसने तिथे गेली. असुंता त्याला चमच्याने सूप भरवत होती. म्हातारा वाळून निम्मा झाला होता.

“कशाला आलीस?” असुंताने मान न वळवता विचारलं. “मी तुला चांगली म्हणावं म्हणून?”

“नाही.”

“म्हणणारही नाही.” ती एक चमचा भरवून थांबली. “हा वाडगा धर. हात भरून आलाय माझा.”

फियोरेल्लाने वाडगा धरला. असुंता चमचा भरत राहिली आणि सूप संपेपर्यंत वाडगा फियोरेल्लाच्या हातात राहिला.